साहेब कोणाकडून?

माझा संशयी स्वभाव हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. नवरा म्हणतो, हिला लग्नाच्या पत्रिकेतही काळंबेरं दिसतं. त्यात माझी नोकरी अड्याळच्या एका पतसंस्थेत, काउंटरच्या मागे बसून सह्या पडताळण्याची. समोर उभा असलेला माणूस ओळखीचा असतो, त्याच्या घरच्या बारशाला मी जेवून आलेली असते, तरी सही जुळली नाही की मी कागद परत सरकवते. लोक चिडतात. "मले ओळखत नाही काय वो तू?" म्हणतात. ओळखते ना, म्हणून तर पुन्हा बघते. अनोळखी माणूस फसवायला आला तर दारातच सावध होतो आपण. ओळखीच्याला मात्र आपणच पाट मांडून देतो.

तर साहेबांना आमच्या ओसरीवर पहिल्यांदा चहा दिला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. घरात ते कोणाला पटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

साहेब म्हणजे माझ्या सासऱ्यांचे शाळेतले सोबती. आमच्याकडच्या रीतीने मी सासऱ्यांना मामाजी म्हणते. दोघं अड्याळच्या शाळेत एका बाकावर बसले. मामाजी परत शेतावर आले आणि साहेब शिकत शिकत थेट मुंबईला, पाण्याच्याच खात्यात, फार वरच्या खुर्चीवर जाऊन बसले. आता निवृत्त होऊन नागपूरला असतात. नोकरीत असताना ते गावाकडे फिरकले नाहीत असं मी म्हणणार नाही. एकदा आले होते, पण तेव्हा बंदोबस्त होता आणि मामाजींना त्यांच्याजवळ जाता आलं नव्हतं. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं त्यांना सोबत्याची आठवण झाली नाही. मग एकाएकी व्हॉट्सॅपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट 'सुप्रभात' येऊ लागलं, आणि त्याच्या मागोमाग साहेब स्वतः.

हे नेमकं तेव्हा झालं, जेव्हा आमच्या तलावावर कारखान्याचा डोळा पडला होता.

गावाच्या वरच्या अंगाला आमचा तलाव आहे. अशा तलावांना भंडारा जिल्ह्यात सगळेच मामा तलाव म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं कोणाच्या तरी मामाने खोदला असेल. पण ती 'माजी मालगुजारी'ची आद्याक्षरं. मालगुजार गेले, तलाव गावांना राहिले. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्याच तलावावर भिजतात. मामाजी तिथल्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. निवडणूक वगैरे झाली नव्हती. रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर फिरायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती, म्हणून ते अध्यक्ष झाले.

अड्याळच्या रस्त्याला इथेनॉलचा कारखाना उभा राहत होता. त्यांनी या तलावातून पाणी उचलायची परवानगी मागितली. ग्रामसभेने नाही म्हटलं. कारखान्याशी कोणाचं वैर नव्हतं, गावातली चार पोरं तिथे कामालाही लागली होती. पण तळाचं पाणी उपसलं गेलं तर पाळीखालच्या विहिरी वैशाखात कोरड्या पडणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आमची विहीर तर पाळीला लागूनच. सगळ्यांत आधी ती जाणार. म्हणजे पिण्याचं पाणी जाणार, गुरं विकावी लागणार, आणि मामाजींनी आयुष्यभर जे राखलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत जाणार.

आणि अशा वेळी साहेब ओसरीवर बसून विचारत होते, "काय गा, कसा आहेस?"

मला तिथेच खटकलं. 'गा' आमचं होतं आणि 'आहेस' पुण्याचं. आमच्या बोलीत असं कोणी जोडत नाही. पण मामाजी विरघळले. इतक्या मोठ्या माणसाने आपल्याला 'गा' म्हटलं याचंच त्यांना अप्रूप. ते मात्र त्यांना साहेब आणि तुमी असंच म्हणत होते, एका बाकावर बसलेले असूनसुद्धा. गावातले लोक ओसरीच्या कडेला येऊन बसले. कोणीतरी शाल आणली. नारळ आला. सगळ्यांचं एकच म्हणणं, "आता आपलं काम झालंच समजा. आपला मानूस वरपर्यंत आहे."

साहेबांनी आश्वासन काही दिलं नाही. ते फक्त "बघू, शब्द टाकू" म्हणाले आणि प्रश्न विचारत राहिले. तुडूम कसं आहे? तुडूम म्हणजे तलावाचं पाणी बांध्यांत सोडायचं दार. ते गळतं का? शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचतं का? उन्हाळ्यात तळाला किती राहतं? मामाजी एकेका प्रश्नाला जीव ओतून उत्तर देत होते. तलावाबद्दल इतकं त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. आम्ही घरचेसुद्धा नाही.

"तुडुमाच्या खाली जे राहते नं साहेब," मामाजी म्हणाले, "त्याले मी बुढं पानी म्हनतो. ते धानाच्या कामाचं नाही. दारातून बाहेरच येत नाही ते. पन घरातला बुढा कसा, काही करत नाही, नुसता बसून राहते, तरी तो आहे म्हनून घर आहे. तसं ते पानी. त्याच्यावर विहिरी जगतेत. ढोरं जगतेत. ढिवरायचं मासोळीचं बीज जगते."

'बुढं पानी' हा मामाजींचा स्वतःचा शब्द. गावात बाकी सगळे त्याला खालचं पाणी म्हणतात. साहेब खूश होऊन हसले. "वा! बुढं पानी!" म्हणाले, आणि चहाचा शेवटचा घोट घेतला.

ते गेल्यावर मी अंगण झाडायला घेतलं आणि बघते तर गाडी उभी होती तिथे लाल मुरमाचे गोळे पडलेले. आमच्या रस्त्यावर मुरूम पडावा म्हणून ग्रामपंचायतीने किती अर्ज केले असतील, कधी एक टोपलं पडलं नाही. नवा लाल मुरूम त्या दिवसांत एकाच ठिकाणी पसरला होता, कारखान्याच्या आवारात.

"मामाजी, साहेबाच्या गाडीले कारखान्याचा मुरूम लागला होता," मी म्हटलं.

"भंडाऱ्याहून येताना रस्ता तिकडूनच तं आहे."

"रस्त्यावर नाही जी मुरूम. आत आहे, फाटकाच्या आत."

"तुले तं समद्यात खोटच दिसते." मामाजी पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. नवरा हसत सुटला. म्हणाला, "आता गाडीच्या चाकाच्या सह्या जुळवून राहिली काय तू?"

 हसण्यावारी नेलं की माझा संशय विझत नाही, आत जाऊन बसतो.

पुढच्या महिन्यात गावाचा आक्षेप द्यायला मी भंडाऱ्याला, जिथून पाण्याची परवानगी मिळते त्या कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. अशी कार्यालयं सगळीकडे सारखीच असतात, बाकं तीच, पंखे तेच. शिपायाने माझ्याकडून चिठ्ठी मागितली. नाव लिहा, गाव लिहा, काम लिहा, कोणाकडून आलात ते लिहा. मी लिहिलं आणि बाकावर बसले. माझ्या आधी आलेले लोकही चिठ्ठ्या देऊन बसले होते.

तेवढ्यात साहेब आले. हातात काही नाही, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. शिपाई उठला. आतला बाबू उठला. साहेबांनी दार ढकललं आणि आत गेले. उघड्या दारातून मला दिसलं, आतले अधिकारी खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालून पुढे आले. तरुण वयात ते साहेबांच्या हाताखाली शिकले होते, हे नंतर कळलं. मग दोन कप चहा आत गेला आणि दार लागलं.

मी शिपायाला विचारलं, "त्यायची चिठ्ठी नाही घेतली?"

"साहेबाची?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "त्यायची काय चिठ्ठी घेता जी? ते तं आपलेच साहेब आहेत."

"निवृत्त झाले ना?"

"सुंभ जळला तरी पीळ जाते काय ताई?" असं म्हणून तो हसला. त्याच्या हसण्यात कौतुक होतं की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

बाबू जरा बोलका होता. त्याला मी सरळच विचारलं, की असा मोठा माणूस निवृत्तीनंतर कोणासाठी बोलायला आला तर ते सांगायचा काही नियम आहे का नाही. त्याने मला समजावून सांगितलं, आणि चांगल्या मनाने सांगितलं. निवृत्तीनंतर लगेच खासगी नोकरी धरायची असेल तर परवानगी लागते, तीही काही काळच. पण सल्ला देणं म्हणजे नोकरी धरली असं होत नाही. कोणाची ओळख करून दिली तर तो सल्ला होत नाही. आणि जुन्या कार्यालयात चहा प्यायला येणं तर काहीच होत नाही. "चहाले कुठं परवानगी लागते?" तो म्हणाला.

मला तेव्हा हसू आलं आणि रागही आला. गावातला माणूस स्वतःच्या विहिरीसाठी आला तर त्याने नाव, गाव, काम, सगळं लिहून द्यायचं. आणि ज्याच्या एका शब्दाने विहीर जाऊ शकते त्याने फक्त चहा प्यायचा. आमच्याकडे तलावही माजी आहे आणि साहेबही माजी. तलाव माजी झाला तेव्हा कोणाचा झाला ते सगळ्यांना माहीत होतं. साहेब माजी होऊन कोणाचे झाले, ते सांगणारं कोणी नव्हतं.

घरी येऊन मी हे सांगितलं तर मामाजींचा चेहरा खुलला. "पाहा! आपल्यासाठीच गेले असन ते. शब्द टाकतो म्हनले होते नं?"  गेले असतीलही आमच्यासाठी. कुठे लिहिलेलंच नव्हतं, तर खरं काय ते ठरवणार कसं? त्या रात्री मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. वाटलं, खरंच आपली नजरच वाईट असेल.

मग सुनावणी लागली. एक लांबट खोली, मधे टेबल, एका अंगाला आम्ही गावचे, दुसऱ्या अंगाला कारखान्याचा माणूस. तरुण, लॅपटॉप घेऊन आलेला, बोलण्यावरून पार पश्चिम महाराष्ट्राकडचा. टेबलाच्या टोकाला अधिकारी. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, ना इकडे ना तिकडे, साहेब. आमच्या लोकांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. "आले, आपले साहेब आले." मामाजींनी तर उठून नमस्कार केला. साहेबांनी मान डोलावली.

आम्ही आमचं म्हणणं मांडलं. मग कारखान्याचा माणूस उभा राहिला. शेतकऱ्यांच्या हक्काच्या पाण्याला आम्ही हात लावणार नाही, तो म्हणाला. तुडुमाच्या वरचं पाणी शेतीला, ते तसंच राहील. आम्हाला फक्त खालचं हवं. "ते धानाच्या कामाचं नाही, असं गावातले जाणकारच सांगतात," तो म्हणाला. "त्या बुढ्या पाण्याचा तसाही कोणाला उपयोग नाही."

मी मामाजींकडे बघितलं. ते डोक्यावरची टोपी सारखी करत होते. हात तसाच वर राहिला.

त्या पोराने आमचा तलाव पाहिला असेल तर गाडीतून. तुडूम हा शब्दसुद्धा तो अडखळत बोलत होता. आणि 'बुढं पाणी' मात्र सफाईने. मामाजींच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्याच्या तोंडून जसाच्या तसा आला होता. 'पन'च्या पुढचं सगळं वाटेत कुठेतरी गळून गेलं होतं.

लग्नात आमच्याकडे एक पद्धत आहे. मांडवात अनोळखी माणूस दिसला की कोणीतरी जाऊन गोड बोलून विचारतं, "तुमी कोनाकडून जी? पोरीकडून का पोराकडून?" त्यात अपमान नसतो. कोणाच्या पंगतीत बसवायचं एवढंच बघायचं असतं. मी उभी राहिले आणि अधिकाऱ्यांना म्हटलं, "सर, गावाकडून कोण आलं ते तुम्ही लिहून घेतलं. कारखान्याकडून कोण ते लिहून घेतलं. हे साहेब कोणाकडून आलेत, तेवढंही लिहून घ्या."

 अधिकारी गडबडले. "ते पाहुणे आहेत, ताई. ते सहज आलेत. त्यांचं काय लिहायचं?"

साहेब हसले. मला म्हणावं लागेल, फार सुंदर हसले. "अहो सूनबाई," ते म्हणाले, "मी माजी माणूस. माजी माणसाला कोण पाठवणार?"

सगळे हसले. आमचेही लोक हसले, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. मी पुढे बोलणार तोच मामाजींनी माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाले, "बस, बाई." मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, या माणसाला अजूनही कळत नाही. साहेबांची इभ्रत सांभाळायला हे आपल्या विहिरीवर पाणी सोडतील.

परतताना एसटीत मामाजी खिडकीकडे बसले.  मी रागाने मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले. अड्याळला उतरलो, स्टँडवर चहा घेतला, तेव्हा ते कपाकडे बघत म्हणाले, "तो शब्द माहा होता."

एवढंच. मला त्यांना "मी सांगितलं होतं" असं म्हणायचं होतं, किती दिवसांपासून म्हणायचं होतं. पण मी चहाचे पैसे द्यायला उठले.

निकाल कारखान्याच्या बाजूने लागला. तुडुमाखालचं पाणी शेतीच्या वापरात नसल्यामुळे ते उचलायला परवानगी. ग्रामस्थांच्या आक्षेपाची नोंद घेण्यात आली, असंही लिहिलं होतं. हजर असलेल्यांची नावं होती. माझं होतं, मामाजींचं होतं, त्या पोराचं होतं. साहेबांचं नव्हतं. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. या प्रकरणात निवृत्त अधिकाऱ्यांनी कोणाच्या वतीने भेटी घेतल्या, काय बोलणं झालं, त्याची माहिती द्यावी. उत्तर आलं एका शब्दाचं. निरंक.

सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही, शून्य. मी मामाजींना तो कागद वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हंजे साहेब आलेच नव्हते?" मी म्हटलं, "कागदावर नाही."  आम्ही सगळ्यांनी साहेबांना त्या खोलीत पाहिलं होतं, नमस्कार केला होता, आणि तरी ते आले नव्हते. आता साहेब कारखान्याकडून आले होते हे मी कुठेही सिद्ध करू शकत नाही. कारखान्याने त्यांना काही दिलं का, मला माहीत नाही. कदाचित त्यांनी ओसरीवर ऐकलेली एक गंमत कुठेतरी जेवता जेवता सांगितली असेल आणि ती त्या पोराच्या कानावर गेली असेल. हेही खरं असू शकतं, असं मी स्वतःला बजावते. पण माझा विश्वास बसत नाही. न सांगण्याची सोय ज्याला आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायची सक्ती आम्हाला काहून?

आम्ही वरती अपील केलं आहे. दरम्यान पाळीच्या पलीकडे पंपघराचा पाया खोदून झाला.

आणि यंदा शिमगा झाल्यावर एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मामाजी नुकतेच तलावावरून आले होते. पायांना घोट्यापर्यंत ओला चिखल होता. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात.

"काय गा, कसा आहेस? तब्येत?" तोच आवाज, तसाच प्रसन्न. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं, "यंदा तलावात पाणी कसं आहे? खाली किती उरलं असेल?"

मामाजींना ते बोटभर मापापर्यंत ठाऊक होतं. ते त्याच पाण्यात उभे राहून आले होते. त्यांनी फोन जरा तोंडाजवळ नेला.

"नाही जी साहेब," ते म्हणाले, "आता मी तिकडं जातच नाही. मले काही माहीत नाही."

पलीकडून काहीतरी काळजीचं बोलणं झालं. मामाजी "हो जी, हो जी" म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या सासरी मी खोटं न बोलणारा म्हणून एकच माणूस पाहिला होता. या घरात कोणीतरी माझ्यासारखं सावध व्हावं, ही माझी किती वर्षांची इच्छा. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांच्यापुढे पाण्याची बादली आणून ठेवली. त्यांनी पायावर एक तांब्या ओतला, चिखल चोळला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बरोबर बोललो नं, बाई?"